ट्रॅक्टरच्या पुढे चालणारे दामूकाका

काकीचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात बोनाफाईड सर्टिफिकेटांवर शिक्के मारत बसले होते. "बाय, तुझे काका गेले. ये," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला. माणूस गेल्याचं कळल्यावर आधी रडू यावं, निदान हातातला शिक्का तरी खाली पडावा. माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगायला आज दोन महिन्यांनंतरही लाज वाटते. माझ्या मनात आलं, आता ट्रॅक्टरच्या पुढे कोण चालणार? आणि मी तशीच पुढच्या दोन सर्टिफिकेटांवर शिक्के मारले. रडू आलं ते माणिकपूरहून भुईगावला जाताना, रिक्षावाल्याने "मॅडम, शॉर्टकट मारू का?" असं विचारल्यावर. काकांनी अख्ख्या आयुष्यात एकदाच शॉर्टकट मारला होता. त्याची धास्ती त्यांनी एकट्याने वागवली आणि जाताना ती माझ्या पदरात टाकून गेले…

दामूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं. वडील आणि काका एकत्रच राहायचे आणि मी त्या घरातली एकुलती एक पोर. सुरूंची रांग ओलांडून समुद्राकडे पाठ केली की चिंचोळ्या गल्लीच्या टोकाला आमची वाडी लागते. पणजोबांच्या वेळी ती तीन भावांत वाटली गेली होती आणि प्रत्येकाने आपापल्या तुकड्यात एकेक विहीर खणली होती, असं काका सांगायचे. पुढे ते तुकडे फिरून एकाच घरात आले, विहिरी जिथल्या तिथे राहिल्या. माझ्या अगदी लहानपणी त्यातल्या एकीवर रहाट होता. डोळ्यांना झापड लावलेला रेडा गोल गोल फिरायचा आणि लाकूड करकरायचं. ती करकर ऐकत मी दुपारी झोपत असे. मला आठवणारं हे एकच यंत्र असं, की ज्याची मला भीती वाटली नाही.

कारण मग डिझेल इंजिन आलं. लोखंडी हँडल जोरात फिरवून ते सुरू करावं लागे आणि फिरवणाऱ्याचा हात वेळेवर सुटला नाही तर हँडल उलटं फिरून फटका देई. मी सहा वर्षांची होते. काका हँडल मारत होते, मी केळीच्या आडून बघत होते, आणि एकदम काकांचं तोंड लाल झालं. पुढचे दोन दात गेले. मी किंचाळत बागेत पळाले ती दिवेलागणीपर्यंत कोणाला सापडले नाही. शोधायला काकाच आले, तोंडात फडकं धरून. म्हणाले, "दात माजे पडले गो, तू कशाला रडते?" तेव्हापासून घरात माझं नाव भित्री पडलं आणि ते बरोबरच होतं. मी मिक्सरलाही लांबून बटण दाबणाऱ्यांपैकी. लग्नानंतर स्कूटी शिकायला घेतली आणि दुसऱ्या दिवशी सोडली. काकांना मात्र यंत्रांचा भारी सोस. शेजारच्या वाडीतले इनासभाऊ त्यांचे जिवलग. दोघे मिळून कुठलंही मशीन खोलून बसत आणि जोडल्यावर दोनचार नट हमखास उरत. "जास्तीचे दिले होते कंपनीने," असं काका सांगत, आणि काकी ते नट लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवी.

पुढे वीज आली, मोटर आली, मग बोअर मारली. बटण दाबलं की पाणी! विहिरींचं काम संपलं. वाडीवाल्या माणसाला चार हात जागा नुसती पडून असलेली बघवत नाही. विहीर नीट बुजवायची तर दगड हवेत, पाडलेल्या भिंतींचं रॅबिट हवं, ते गल्लीतून डोक्यावर वाहून आणायला माणसं हवीत. आणि आमच्याकडे काय होतं, तर केळीचे खुंट. घड उतरवला की केळ तोडून टाकायची, त्यामुळे वाडीत खुंटांचे ढीगच्या ढीग. काकांनी ते विहिरींत लोटले, वर ताडाचे ओंडके आडवे टाकले, त्यावर बावखलातला गाळ पसरला, आणि प्रत्येक विहिरीच्या डोक्यावर चार केळी जास्तीची लावली. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या गाळावर काहीही तरारून येतं. ती केळी इतकी माजली की गावातले लोक बघायला आले. केळीचा खुंट म्हणजे नुसतं पाणी, तो वर्षभरात कुजून तळाशी बसतो आणि वरचे ओंडके पोकळीवर लटकत राहतात, हा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात आला नाही. केळींखालून माणसंच चालायची, आणि माणसाचं वजन ते किती… काकांचे दात गेल्यापासून मला विहिरींकडे फिरकायची सक्त मनाई होती, त्यामुळे त्या नेमक्या कुठे होत्या ते माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. मी शाळेत जात होते. एक दिवस कळलं की आता वाडीत विहिरी नाहीत, आणि मला आनंदच झाला.

वडील गेले, माझं लग्न झालं, मी माणिकपूरला फ्लॅटमध्ये राहायला आले. केळीवर रोग पडला, माणसं मिळेनाशी झाली, आणि काकांनी एका वर्षी सगळी बाग उपटून जमीन मोकळी केली. कुठे काय होतं याची जी खूण होती ती केळींची होती; ती गेल्यावर सगळं रान एकसारखं झालं. मग तिथे पांढरा कांदा आणि रताळी. एका वर्षी हौसेने बटाटेही लावले, निघाले ते सुपारीएवढे, आणि काकीने सालासकट त्यांचा रस्सा करून आम्हाला आठवडाभर खायला घातला. वरंबे ओढायला काकांनी पॉवर टिलर आणला. दोन मुठी धरून मागून चालायचं यंत्र. एका रविवारी मी गेले होते, ओट्यावर बसून शेंगा सोलत होते, काका वाडीत टिलर चालवत होते. मी मान वर केली तेव्हा काका दिसले आणि टिलर दिसला नाही.

ते दृश्य मी हजारदा आठवलं असेल. काका दोन्ही हात पुढे धरून उभे होते, मुठी धरल्यासारखे, आणि हातांत काही नव्हतं. त्यांच्या पायांपासून दोन वितींवर जमीन संपली होती. आणि इंजिन चालू होतं… जमिनीखालून त्याचा आवाज येत होता, घुमत, खालून वर. मग पाण्यात काहीतरी कोसळल्यासारखं झालं आणि आवाज बंद पडला. काकी धावली, इनासभाऊ कुंपण ओलांडून आले, त्यांनी काकांच्या कमरेला हात घालून त्यांना मागे ओढलं. काका तोवर हललेच नव्हते. नंतर तिपाई उभी करून, साखळीने टिलर वर काढला, तो काही पुन्हा धड चालला नाही. पण काकांनी तो वर निघायचीसुद्धा वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी पहार घेऊन ते वाडीच्या दुसऱ्या टोकाला गेले, चार ठिकाणी ठोकून बघितलं आणि दुसरी विहीर शोधून काढली. दोन्ही विहिरी मग खरोखरीच्या भरल्या, दगडविटांनी, महिनाभर माणसं लावून. आणि तिसरी? मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, "ती माज्या ध्यानात हाय. तिथं कोनाला नेनार नाय मी."

त्यानंतर त्यांनी काही वर्षं सगळी वाडी कुदळीवर केली. गुडघे बोलायला लागले तेव्हा छोटा ट्रॅक्टर घेतला, कोणाचा तरी वापरलेला, आमच्या गल्लीतून दोन्ही बाजूंच्या कंपाउंडांना जेमतेम न घासता येईल एवढा. आणि तो चालवायला त्यांनी कोणाला निवडलं? मला! चाळिशी उलटलेल्या, मिक्सरला घाबरणाऱ्या बाईला. मला वाटलं चेष्टा करताहेत. मी म्हटलं, काका, गावात पैशाला पासरी पोरं आहेत ट्रॅक्टर चालवणारी. तर म्हणाले, "पोरं फुडं बघत नाय. मोबाइल बघतात. तू भित्री हायस, म्हनून तूच पायजे." मी तीन रविवार रडकुंडीला येऊन शिकले. क्लच, गिअर, मागचा माती उकरणारा रोटाव्हेटर खाली सोडायचा दांडा. आणि नियम एकच. काका पहार घेऊन पुढे चालणार, अनवाणी, आणि मी त्यांच्या मागून ट्रॅक्टर आणणार. दोन पावलं टाकली की पहार जमिनीत मारायची, कान देऊन ऐकायचं, पुढे जायचं. "माज्या पाठीवर नजर ठेव. मी वळलो की वळ. मी थांबलो की थांब." बस.

नऊ वर्षं, कांद्याला आणि रताळ्याला मिळून वर्षातून दोनतीनदा, मी ती पाठ बघितली. त्यामुळे आज काका आठवायला गेले की आधी चेहरा येत नाही. डाव्या खांद्यावर विरलेला तो बनियन येतो, मानेवरची घामोळ्याची पुरळ येते, डोक्याला बांधलेल्या टॉवेलची गाठ येते. माझी भीती दुहेरी होती. खाली जमीन होती, तिचा भरवसा नव्हता. आणि पुढे काका होते, माझ्या हातातल्या मशीनपासून चार हातांवर. एकदा माझी चप्पल क्लचवरून सटकली. ट्रॅक्टर उडी मारून पुढे गेला आणि त्याचं नाक काकांच्या पोटरीला टेकलं. मी ब्रेक दाबून धरला, डोळे मिटले, उघडायची छाती होईना. काकांनी मागे वळूनही बघितलं नाही. "क्लच हळू सोड," म्हणाले आणि पहार मारली. घरी आल्यावर पोटरीवर हाताच्या पंजाएवढं काळंनिळं दिसलं. मी म्हटलं, मी उद्यापासून येणार नाही. काकी म्हणाली, "तू नाय आलीस तर ते एकटे चालवतील. मग फुडं कोन?" मी पुढच्या रविवारी गेले, चप्पल काढून बसले.

दरवर्षी मी विचारायचे, ती तिसरी विहीर एकदाची भरून का टाकत नाही? दरवर्षी काही ना काही निघायचं. यंदा माणसं नाहीत, यंदा पाऊस लांबला, यंदा काकीच्या डोळ्याचं ऑपरेशन. "मला ठावं हाय ना, मग तू कशाला जीव काढते?" मला ते पटायचं. इतक्या भित्र्या बाईला कोणावर तरी विश्वास टाकावाच लागतो, नाहीतर ती घराबाहेर कशी पडणार? मी माझी सगळी भीती त्या पाठीवर नेऊन ठेवली होती.

श्रावणात काकांची छाती भरली. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, यातच काय ते आलं. शेवटच्या भेटीत दुपारची वेळ होती, काकी आत पेज ढवळत होती, काका खाटेवर उशीला टेकून बसले होते आणि एकेका वाक्याला थांबत होते. मला वाटलं होतं काही निरवानिरव करतील. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "बाय, तिसरी मला ठावं नाय." मला आधी कळलंच नाही. ते म्हणाले, टिलर पडला त्या दिवसापासून शोधतो आहे. दोन सापडल्या. तिसरी त्यांनी आणि माझ्या वडिलांनी मिळून झाकली होती, सगळ्यात आधी, दाट केळीत; आणि बाग मोडल्यावर तिचा ठावठिकाणा त्यांच्या डोक्यातून साफ गेला होता. नऊ वर्षं पहार मारत ते मला वाट दाखवत नव्हते, स्वतःच शोधत होते. मी ट्रॅक्टरवर बसून त्यांच्या मागून जात होते आणि माझ्या पुढे चालणाऱ्या माणसाला माझ्याहून एका अक्षराने जास्त माहीत नव्हतं.

मी त्यांच्यावर ओरडले. मरणाच्या दारातल्या माणसावर. "नऊ वर्षं, काका? मला एक मुलगी आहे, तिचा तरी विचार करायचा!" ते म्हणाले, "सांगितलं असतं तर बसली असतीस?" मी म्हटलं, नसतेच बसले. "मग," ते म्हणाले. जरा दम खाऊन पुढे म्हणाले, "मी फुडं होतो ना गो. पयला मीच गेलो असतो." मला ते ऐकून आणखी संताप आला. हे काय उत्तर झालं? माणूस जिथून सुखरूप जातो तिथे ट्रॅक्टर जाईलच असं थोडंच आहे, आणि पहार दोन बोटं इकडची तिकडे पडली तर? मी पर्स उचलली, काकीला "येते" म्हटलं, त्यांना म्हटलं नाही. गल्लीच्या तोंडाशी जाऊन रिक्षा पकडली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी काकीचा फोन आला…

तेरावा झाला आणि काकीने रताळ्याचे वेल कापून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. मला म्हणाली, "कधी येतेस?" मी तोंडावर पाणी मारायच्या निमित्ताने मोरीत जाऊन उभी राहिले. काकीचंही बरोबर होतं. वेल आठ दिवसांपलीकडे टिकत नाहीत, आणि जमीन एक हंगाम पडीक दिसली की गल्लीत गाड्या थांबायला लागतात, वाडी कितीला देता म्हणून विचारणाऱ्या. कुदळीवर एवढं रान करायला माणसं कुठे मिळणार? गावातला एखादा ट्रॅक्टरवाला बोलवावा म्हटलं, तर त्याला सांगायचं काय? खरं सांगितलं तर कोणी येणार नाही. न सांगता बोलवावं, तर तो कोणाचा तरी मुलगा, आणि मी ओट्यावर बसून त्याच्या चाकांखाली बघत राहणार. ते माझ्याच्याने होण्यातलं नव्हतं. काकांनी माझ्याशी जे केलं तेच मी करायचं, तेही पुढे न चालता!

त्या एकसारख्या झालेल्या रानात काकीलाही काही सांगता येईना, म्हणून मी इनासभाऊंकडे गेले. ऐंशीच्या घरातले, पण अजून रोज सकाळी चर्चमध्ये मिसेला जातात आणि येताना पाव घेऊन येतात. त्यांना विचारलं, तिसरी विहीर कुठे होती? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू माझंच डोकं फिरलंय. "तिसरी कुठची? दोनच होत्या. मी स्वतः ताड वाहिलेत, दोन विहिरींचे. तिसरा भाऊ बावखलाचं पानी घ्यायचा." मी म्हटलं, काका तीन सांगायचे. "दामूला मी शंभरदा सांगितलं, दोन. ऐकेल तर ना!" आता आली पंचाईत. एक म्हणणार तीन आणि तो जगात नाही. दुसरा म्हणणार दोन, आणि त्याला दर रविवारी माझं नाव नव्याने विचारावं लागतं. इनासभाऊ खरे असतील तर काका नऊ वर्षं नसलेल्या विहिरीला भ्याले. काका खरे असतील तर ती अजून तिथेच आहे. मला त्या रात्री झोप लागली नाही हे सांगायला नकोच.

शनिवारी सकाळी मी गेले. काकी पदर खोचून, पायांतल्या चपला काढून तयार उभी. "मी चालते फुडं." पंचाहत्तरीची बाई, एका डोळ्याने अंधूक दिसतं! मी तिला हाताला धरून ओट्यावर बसवलं आणि उठलीस तर बघ म्हणून दम दिला. मग मी असं ठरवलं, की दोन्ही कामं आपणच करायची. आधी उतरून दहा हात पहार मारत जायचं, परत यायचं, ट्रॅक्टरवर चढायचं, तेवढंच पुढे न्यायचं, पुन्हा उतरायचं. पहिल्या ओळीला अर्धा तास लागला. इनासभाऊ कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि "दोनच होत्या!" म्हणून दर दहा मिनिटांनी ओरडत राहिले. हाताला फोड आले. प्रत्येक वेळी क्लच सोडताना मी जीव मुठीत धरत होते, आणि चाक पुढे जाऊन जमीन जागच्या जागी राहिली की पुन्हा श्वास घेत होते. सूर्य डोक्यावर आला. सहाव्या का सातव्या ओळीला मी थकले. खरंच थकले, भीतीसुद्धा थकते. एकदा उतरायचं टाळलं. दहा हातांच्या पुढे आणखी थोडं नेलं, म्हटलं एवढं ओळीच्या टोकापर्यंत जाऊ या…

आणि माझे हात वळले. मी वळवले नाहीत. पुढे काही नव्हतं, दगड नाही, झाड नाही, सगळी सपाट तपकिरी जमीन. आणि माझ्या हातांनी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, चार हात जाऊ दिलं, पुन्हा डावीकडे आणून ओळीला लावलं. मी ब्रेक मारला. मागे वळून बघितलं तर रोटाव्हेटरचा पट्टा सरळ येऊन एके ठिकाणी कोपरासारखा वाकला होता. मग मला आठवलं की इथे मिरच्या असायच्या. दरवर्षी इथे काकीची मिरचीची दहाबारा रोपं असत आणि काका त्यांना वळसा घालत, "काकीच्या मिरच्या जपून" असं मला पाठमोरंच सांगत. यंदा काका आजारी, काकीने मिरच्या लावल्याच नव्हत्या. मला हसू आलं. मी ओट्याकडे बघून ओरडले, "काकी, तुझ्या नसलेल्या मिरच्यांना वळसा घातला गं!"

काकी हसली नाही. म्हणाली, "मिरच्या मी मागनं लावायला लागले. ते कुदळीवर करायचे तेव्हापासून तेवढी जागा सोडायचे. मला वाटलं, माज्यासाठीच सोडतात. म्हनून लावल्या."

मी ट्रॅक्टर बंद केला आणि खाली उतरले. पहार घेतली, त्या न नांगरलेल्या तुकड्याच्या कडेला उभी राहिले. पुढे पाय टाकायचं धाडस होईना, म्हणून पोटावर आडवी झाले आणि हात लांब करून पहार मारली. वीतभर माती लागली. मग काहीतरी कुजकं, भुसभुशीत. आणि मग काहीच लागेना. पहार माझ्या हातातून सुटून गेली. खालून पाण्याचा आवाज आला तो मी कानाने ऐकला, आणि कुंपणाशी इनासभाऊंनी कपाळाला, छातीला हात लावून क्रूस केला.

आता ती विहीर भरायचं काम चालू आहे. डोक्यावरून विटांचे तुकडे येताहेत, अजून पंधरा दिवस लागतील. रताळ्याचे वेल उरलेल्या रानात लागले. लोक म्हणतात, सुटलात एकदाच्या. मी सुटले नाही. मी ऑफिसात शिक्के मारता मारता थांबते आणि तो वळसा मला दिसतो. टिलर पडल्यानंतर काकांनी ती वाडी पहिल्यांदा पायाखाली घातली असेल तेव्हा त्यांचे पाय तिथे आपोआप बाजूला गेले असतील. तरुणपणी ज्या पायांनी तिथे गाळ तुडवला होता तेच ते पाय. आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांना वाटायचं ते बायकोच्या मिरच्या जपताहेत. चालणाऱ्या माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. ती मला दिसत होती. नऊ वर्षं, दरवेळी, मी त्या पाठीला तिथे वळताना बघत होते. त्या दुपारी ते खाटेवरून म्हणाले, मला ठावं नाय, तेव्हा जगात एकटी मी अशी होते की जिने म्हणायला हवं होतं, काका, तुम्ही त्या एका जागी दरवर्षी वळता, मिरच्या नव्हत्या तेव्हाही वळत होता का? एवढं विचारलं असतं तर काकी पेजेचं पातेलं उतरवून बाहेर आली असती आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं. काका तीन दिवस तरी निर्धास्त झोपले असते. मी पर्स उचलून निघून गेले.